समोर उभं राहणारी

"काका, विंच लावूनच घ्या. तार गाडीला आत ओढते, समोर कुणी उभं राहायला नको," ट्रेलरवाला म्हणाला.

"कशाला विंच?" शर्यतीच्या गाडीत बसत लेक म्हणाली. "आई होती तोवर तीच समोर उभी राहून हात दाखवायची. आता बाबा दाखवतील."

बाबा बंद ट्रेलरमध्ये शिरले आणि पुढच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. गाडी गुरगुरत रॅम्प चढू लागली. दोन्ही बाजूंना जेमतेम चार बोटं जागा होती. गाडीचं नाक वर उचललेलं, त्यामुळे लेकीला दिसत होते ते फक्त त्यांचे हात. त्यांनी थांब म्हणून दोन्ही हात वर केले, तरी गाडी पुढे आलीच. त्यांच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर ती थांबली.

"बाबा, किती उशिरा हात वर केलेत! काय पाप घडणार होतं माझ्या हातून!" लेक खिडकीतून ओरडली.

"पुढच्या वेळेपासून विंचच लावा," बाबा ट्रेलरवाल्याला म्हणाले. मग तिथेच भिंतीला टेकून पुटपुटले, "हिची आई शर्यतीहून दमून आली की मी म्हणायचो, तू तर तिथे नुसती उभीच असतेस."