टिलीचे टाके

पिकअपमध्ये टिली कुत्री जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, मार्लिसच्या मांडीवर पडून होती आणि टॉवेल ओला होत चालला होता. अर्लिन नेहमी रमतगमत गाडी हाकणारा. आज त्यानं कोपऱ्यावरच्या चर्चपाशीसुद्धा वेग कमी केला नाही.

टिलीची गर्भाची पिशवी काढून आज पाचवा दिवस. सकाळचं दूध काढून अर्लिन घरात आला, तर कुत्री टेबलाखाली आडवी पडलेली आणि पोटाची शिवण तीन बोटं उसवलेली. आतून काहीतरी पांढरट डोकावत होतं. चाळीस गाईंची बाळंतपणं निस्तरलेला माणूस, पण त्यानं आधी बायकोला, मार्लिसला हाक मारली.

डॉक्टर लुंड त्याच्या गाईंनाही तपासायला येत. दवाखान्यात त्यांनी टिलीला टेबलावर घेतलं.

"आतडं नाही, चरबी आहे. नशीब समजा," त्या म्हणाल्या. "पण घाण आत गेली असेल तर मी काही खात्री देत नाही." मग हातमोज्याचं बोट त्यांनी जखमेच्या कडेवरून फिरवलं. "हे तुपकट काय आहे? काय लावलंत, अर्लिन?"

अर्लिन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला.

मार्लिसनं वाकून नुसता वास घेतला. "सडांचं मलम," ती म्हणाली.

गाईंच्या फुटलेल्या सडांना लावायचं ते मलम त्या घरात सगळ्यालाच लागे. भेगाळलेल्या हातांना, भाजलेल्या बोटांना, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांनाही.

"अहो, त्यात लोकरीची चरबी असते. कुत्र्याला ती मेजवानीच! चाटून चाटून टाके तोडले तिनं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायला प्लास्टिकचं नरसाळं दिलं होतं ना मी? ते कुठंय?"

"ते घालून तिला काम जमेना," अर्लिन बोलून गेला.

"काम?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "काल गाई कुरणातून यायलाच तयार नव्हत्या. मी ओरडून दमलो. ही आपली दाराशी रडतेय. मी तिला काही म्हटलं नाही हो. नुसतं दार उघडलं. ती आपणहून धावली." तो थांबला. "परत आली तर जखम जरा ओली दिसली. म्हणून मलम लावलं."

डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि टिलीला उचलून त्या आत गेल्या.

बाहेरच्या बाकावर दीड तास गेला. अर्लिननं टोपीची पार सुरळी केली होती. टिली गेली तर आपल्या हातानं गेली, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. मार्लिसनं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच त्याला जड जात होतं.

डॉक्टर हात पुसत बाहेर आल्या. "वाचली. आज इथेच राहू दे, उद्या न्या. पण आता चौदा दिवस धावणं नाही, उडी नाही, जिना नाही. गाई तर नाहीतच."

"चौदा?" अर्लिनच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टर आत गेल्यावर मार्लिस म्हणाली, "मला सहा आठवडे सांगितले होते."

"कधी?"

"माझी पिशवी काढली तेव्हा. नवव्या दिवशी मी गोठ्यात होते."

"तू आपणहून आलीस," अर्लिन म्हणाला. "मी तुला ये म्हटलं नव्हतं."

"नव्हतं म्हटलंस," मार्लिसनं मान हलवली. "टिलीला तरी कुठे म्हटलंस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. अर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येईपर्यंत तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून नुसता रस्ता बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टिली घरी आली. गळ्यात नरसाळं, पाय लटपटते. चार वाजले, दूध काढायची वेळ झाली, तरी गाई कुरणाच्या पार टोकाला, मेपलच्या झाडांखाली उभ्या होत्या. मार्लिसनं सवयीनं दारामागचे रबरी बूट ओढले आणि एक पायात घातला.

"कुठे निघालीस?"

"गाई आणायला. तुझ्या हाकेला कोण येतंय?"

अर्लिन खाली बसला. गुडघा कटकन वाजला. त्यानं तिच्या पायातला बूट धरून ओढून काढला.

"अरे, काय चाललंय तुझं? मला काय झालंय?"

"बेचाळीस दिवस सांगितले होते ना?" तो वर न बघता म्हणाला. "त्यातले तेहतीस राहिलेत तुझे."

"एकोणीस वर्षं झाली त्याला, वेड्या!"

"मग उशीरच झालाय," अर्लिन म्हणाला. तिचे बूट त्यानं उचलून काखेत मारले, बाहेर पडला आणि मागे दार ओढून घेतलं. कडी लागली का, ते दोनदा हलवून पाहिलं.

कुरणात गाईंनी माना वर केल्या आणि त्याच्याकडे पाहिलं. "या गं बायांनो, या!" तो ओरडला. एकही हलली नाही. टिली करायची तसा तो वळसा घालून पळायला लागला, तर त्या आणखीच पांगल्या. धाप लागली तेव्हा कमरेवर हात ठेवून तो उभा राहिला आणि त्यानं घराकडे वळून पाहिलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीत दोघी होत्या. टिलीचं नरसाळं काचेला टेकलं होतं. शेजारी मार्लिस हात हलवून हलवून खुणा करत होती. डावीकडून जा, डावीकडून.

अर्लिन डावीकडून धावला.