जाळ्याखालचे दाणे

"ते जाळं काढू नका," झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या आणि ग्रंथपाल बाईंच्या हातातला लांब झाडू हवेतच थांबला.

साडेदहा वाजून गेले होते. अकराला शाळेची साठ मुलं वाचनालयात येणार होती, गोष्टी ऐकायला. बसणार होती वरच्या लाकडी सज्जात. आणि सज्जाला खालून तोलणाऱ्या तुळईला वीतभर जाळं लोंबत होतं.

"आठ दिवस सांगतेय, मावशी. पाहुणे काय म्हणतील?"

"मुद्दाम ठेवलंय. खाली बघा आधी."

जाळ्याच्या बरोबर खाली, फरशीवर, तपकिरी दाणे सांडले होते. तिळाएवढे, जरा लांबट.

"शी! उंदराच्या लेंड्या."

"लेंडीला पाय नसतात, बाई."

मावशींनी एक दाणा कागदावर घेतला आणि बाईंच्या टेबलावरचं भिंग त्यावर धरलं. सहा पाय, पाठीवर कडक पंख. आत मात्र काहीच नाही, नुसतं टरफल.

"भुंगेरे आहेत. कोळी आतलं खातो, वरचं टाकून देतो. मी रोज झाडते, रोज नवे पडतात. काल अकरा होते."

"खिडकीतून येत असतील."

"खिडकी रंगाने चिकटलीय, दोन वर्षं उघडलेली नाही. जिन्याखालीही जाळं आहे. तिथं नुसते डास नि माश्या. हे फक्त इथंच."

"मग येतात कुठून?"

मावशींनी मान वर केली. बाईंनीही केली.

सुतारमिस्त्री पलीकडे बाकं ठोकून नीट करत होते. बाईंनी हाक मारली तसे आले, सगळं ऐकून हसले आणि झाडूच्या दांड्याने तुळईवर जोरात ठोकलं.

"ठणठणीत आहे. गेल्या वर्षी मी स्वतः रंगवलीय."

"दिसते तेवढी रंगवलीत," मावशी म्हणाल्या. "वरच्या अंगाला हात फिरवून बघा."

मिस्त्रींनी शिडी लावली. मावशींचं मन राखायचं म्हणून चढतोय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं. त्यांनी तुळईच्या वरून हात फिरवला. हात खाली आला तो पिठासारख्या भुशाने माखून. मग त्यांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, तुळईवर टेकवला आणि नुसत्या अंगठ्याने दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

मिस्त्रींनी तो हळूच बाहेर ओढला, तसा भोकातून भुसा भुरभुरत खाली आला.

बाहेर बस थांबल्याचा आवाज आला, पाठोपाठ मुलांचा गलका. बाईंनी एकदा वर पाहिलं, एकदा दाराकडे. मग पदर खोचला.

"मावशी, जिन्याला दोर बांधा. मिस्त्री, बाकं राहू द्या, टेबलं भिंतीला लावा. मुलं खाली फरशीवर बसतील."

"सज्जाखाली कुणी नको," मिस्त्री खाली उतरत म्हणाले. मावशींकडे वळून, घसा खाकरून त्यांनी विचारलं, "ताई, अजून कुठं दिसलंय असं?"

"नाही. सगळीकडे बघितलंय मी."

मिस्त्रींनी मान डोलावली. पुन्हा तपासायला ते गेले नाहीत.

मुलं दाटीवाटीने बसली, मनसोक्त हसली.

तिसऱ्या दिवशी खाली टेकू देऊन तुळई उतरवली. ती उचलायला चार माणसं बोलावली होती. दोघांनीच ती खांद्यावर घेतली आणि गप्पा मारत दारातून बाहेर नेली.