बिंदूची लांबी

माझ्या लेकीला भूमितीच्या गृहपाठात शून्य मिळालं. तसं काही घडलंच नाही असं घरात एकमताने ठरलंय, तेव्हा तुम्हीही विसरा.

परवा सकाळी रात्रपाळी करून घरी आलो. एक बूट काढला, दुसरा काढायचं त्राण उरलं नव्हतं.

"बाबा, छेदनबिंदू म्हणजे काय?"

"दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तो बिंदू."

"आणि वाक्यात उपयोग?"

"आईला विचार."

"ती आत्ताच कामावर गेली. तुला जिन्यात भेटली ना?"

भेटली होती. रोजच भेटते. ती दिवसपाळीला उतरत असते, मी चढत असतो. दुसऱ्या मजल्यावर, पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे यावरचं आमचं भांडण एका वाक्याने पुढे सरकतं. तीन महिने झाले, माझी बाजू अजून मांडून व्हायची आहे.

मी एका बुटासकट झोपलो. लेकीने आपल्या मनाने लिहून टाकलं, "आमच्या जिन्यात आईबाबांचा छेदनबिंदू आहे. तिथे त्यांनी दहा मिनिटं तरी बसावं."

बाईंचा लाल शाईत शेरा आला : "बिंदूला लांबी नसते. तिथे बसता येत नाही. पालकांची सही आणावी."

सही केली. वर लिहिलं, "महोदया, बिंदूला लांबी नसते हा नियम मान्य आहे. तरी विशेष बाब म्हणून आमच्या जिन्यातल्या बिंदूस दहा मिनिटांची लांबी मंजूर व्हावी, ही नम्र विनंती. पायरी आम्ही स्वखर्चाने पुसून घेऊ."