भैरवी नको

“आई, आता भैरवी होऊन जाऊ दे!” निरोप समारंभात लेकानं माईकवरून फर्मावलं. मथूताईंना त्यानं परस्पर निवृत्त करून टाकलं होतं.

तरुणपणी नाटक कंपनीत पायपेटी वाजवणाऱ्या मथूताईंनी पुढे लोणच्यांचा कारखाना काढला आणि ऐंशी उलटली तरी तोऱ्यात चालवला. ती जुनी पायपेटीही आज स्टेजवर मांडली होती.

भैरवी म्हणजे खेळ संपला! मथूताईंनी पदर खोचला, पायपेटीवर हात टाकला आणि खणखणीत आवाजात चक्क नांदी सुरू केली. कारखान्यातल्या बायका फेर धरून नाचू लागल्या. बरण्यांच्या झाकणांच्या झांजा झाल्या.

“अगं, नांदी नाटक सुरू होताना म्हणतात ना?” लेक गांगरला.

“हो ना! मग तू स्टेजवर काय करतोयस? चल, जा विंगेत!”