वजन उतरवणारा पलंग

काट्यावरचा आकडा एकशे अकरा होता आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "पलंगासकट," तो मुलीला म्हणाला. "सुरू केलं तेव्हा एकशे अठ्ठावीस होतं."

मुलगी हातातली बॅगही खाली न ठेवता दारातच उभी होती. आईला अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत पोचवायचं, एवढ्यासाठीच ती आली होती. आईचे पाय गेल्याला वर्ष होत आलं होतं. तिला उचलून उचलून बापाची कंबर कामातून गेली होती. उचलवत नसेल तर घरी ठेवता येणार नाही, हे मुलीने फोनवर दोघांनाही स्वच्छ सांगितलं होतं. आणि इथे येऊन बघते तो काय, खोलीच्या मधोमध गोदामात असतो तसला भलामोठा वजनकाटा, काट्यावर पलंग, पलंगाखाली बांधलेली, घुं घुं करणारी तांब्याच्या तारेची जाडजूड कॉइल, आणि पलंगावर आई. आई हसत होती.

म्हाताऱ्याने जन्मभर जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग केलं होतं, त्यामुळे वीज आपल्या शब्दाबाहेर नाही असा त्याचा समज होता. त्यात त्याला कुठलासा व्हिडिओ सापडला. एक दाढीवाला फिरत्या चुंबकावर ठोकळा टांगून दाखवत होता, की बघा, वजन घटलं. गुरुत्वाकर्षण हे विजेचंच सख्खं भावंड आहे आणि शास्त्रज्ञांनी ते मुद्दाम दाबून ठेवलंय, असं त्याचं म्हणणं. शहाण्या माणसाने हसून पुढचा व्हिडिओ लावला असता. म्हाताऱ्याने तार आणायला पिशवी उचलली.

मुलीला हसावं की रडावं कळेना. आधी आईला भेटू, मग या कारखान्याचं बघू, असं म्हणून बॅग ठेवून ती पलंगाशी वाकली. आईला मिठी मारायला तिने पाठीखाली हात घातला.

पांघरुणाखाली आई जवळजवळ नव्हतीच. गोळ्यांनी सुजलेला चेहरा तेवढा पूर्वीचा होता. खाली नुसत्या बरगड्या हाताला लागत होत्या. मुलीने हात काढून घेतला, पुन्हा घातला. तिचा विश्वासच बसत नव्हता.

आई जेवते का, असं तिने बापाला विचारलं. म्हातारा शपथेवर सांगायला लागला, की दोन्ही वेळा भरलेलं ताट देतो आणि लख्ख रिकामं उचलतो. मुलीने फोन काढला. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं, म्हणाली.

तसा म्हातारा गडबडला. तिला कोपऱ्यात ओढून त्याने आवाज खाली आणला. त्याचा काही उपयोग नव्हता. बायकोचे पाय गेले होते, कान शाबूत होते.

"अगं, एक ग्रॅमसुद्धा उतरलेली नाही ती. तो आकडा मी उतरवतोय."

मग त्याने सगळं सांगून टाकलं. यंत्र त्याने अगदी मनापासून बनवलं होतं. पण बटण दाबलं आणि आकडा जागचा हलला नाही. संस्थेचं नाव निघाल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेली बायको मात्र तेवढ्यासाठी वळली आणि म्हणाली, कमी झालं का हो? नाही म्हणायला त्याची जीभच उचलेना. दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत त्याने कॉइलच्या पोटातल्या चवडीतून लोखंडाच्या दोन पट्ट्या काढल्या आणि स्वयंपाकघरात डब्यात लपवल्या. त्या दिवशी ती पोटभर बोलली. मग काय, तो अधूनमधून काढतच गेला. किती काढल्या ते काही त्याने मोजलं नव्हतं.

"परत घाला," मुलगी म्हणाली. "सगळ्या."

म्हाताऱ्याने प्लग काढला. घुं घुं थांबली. एकशे अकरा होते ते एकशे अकराच राहिले. त्याने डबा आणला, कंबर धरून काट्याशेजारी जमिनीवर बसला आणि हात आत घालून एकेक पट्टी चवडीत सारायला लागला. आकडा चढत गेला. एकशे बारा. एकशे चौदा. एकशे सतरावर तो थांबला.

डबा संपला होता. म्हाताऱ्याने तो उलटा करून बुडावर थापा मारल्या. उठून स्वयंपाकघरात गेला, भांडी सरकवल्याचे आवाज आले, आणि तो हात हलवत परत आला. काट्याकडे बघत उभा राहिला.

"हल्ली उचलताना हलकी लागायची," तो म्हणाला. "मी आपलं म्हटलं, खरंच चालायला लागलं यंत्र."

मुलगी बॅगेवरच बसली. दोघांना एकमेकांकडे बघायची तर सोयच नव्हती.

"ताट मी खिडकीतून येणाऱ्या मांजराला घालत होते," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, लाज होती थोडी. "म्हटलं, यंत्राला जरा हातभार."

मग ती कोपरावर रेटून जेमतेम उठली आणि मान वाकडी करून काट्याचा आकडा वाचायला लागली. तिचे ओठ हलत होते. हिशेब जमला तशी ती मुलीकडे वळली.

"अकरा तर माझे खरे उतरलेत ना गं? मग आता नाही ना नेणार मला?"