तात्पुरती तार

वायर जळू नये म्हणून फ्यूज उडतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शाळेच्या बसचा फ्यूज सारखा उडायचा, तेव्हा मालक म्हणाला, “मिस्त्री, फ्यूजच्या जागी तात्पुरती तार टाक.” मी टाकली. ती तात्पुरती तार तीन वर्षं चालली आणि आज सकाळी बस पेटली. सात मुलं भाजली, त्यात माझी भाची. दुपारी मालक गॅरेजात येऊन म्हणतो, “जुन्या गाड्या, नशिबाचा खेळ. दुसरी बस काढ, शाळा सुटेल.” मी मानगूट धरून त्याचं थोबाड बॉनेटवर आपटलं. रक्त थुंकत तो हसला. “मार. पण तार कुणाच्या हातची होती?” माझी पकड सुटली. दुसऱ्या बसमध्येही माझीच तार होती. मी घण उचलला. त्यानं डोकं झाकलं. त्याला बाजूला सारून मी त्या दुसऱ्या बसचं इंजिन फोडायला लागलो. “अरे, काय करतोस?” “तात्पुरती बंद करतोय, मालक.”