जिभेखालचा पडदा

नेल्फाची यासिरा चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. आमच्या अत्रातो नदीकाठची म्हातारी सुईण सिक्स्ता हिने पोरीची जीभ उचलून पाहिली. "अगं, पडदा पार टोकापर्यंत चिकटलाय. जीभ हलणार कशी?"

उकळलेल्या कात्रीने तिने तो अलगद कापला. यासिरा रडली नाही.

"आई," ती स्पष्ट म्हणाली.

नेल्फाचे डोळे भरून आले. तेवढ्यात नदीवरून त्याच आवाजात हाक आली, "आई."

"आवाज घुमला वाटतं, आजी," नेल्फा हसली.

सिक्स्ता हसली नाही. इथल्या सपाट पाण्यावर आवाज कधीच घुमत नसे.

यासिराने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं.

"आई," दाराबाहेरून हाक आली.

या हाकेसाठी आसुसलेल्या नेल्फाने ओ दिली.